खोली सोडण्याचा भाव जिन्यात ठरू नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी जुन्या चाळींतील भाडेकरूंविषयी एक पत्र आले होते. मालकाकडून लाखो रुपये घेऊन खोली सोडणारे भाडेकरू म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवर पैसे कमावणारे लोक, असा त्या पत्राचा एकंदर सूर होता. पत्रलेखकांचा राग मला अगदीच अनाकलनीय वाटला नाही. ज्या खोलीचे भाडे महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये आहे, ती रिकामी व्हावी म्हणून मालकाने पंचवीस-तीस लाख मोजावेत, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटणारच. परंतु मी एकतीस वर्षे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वकिली करणाऱ्या एका गृहस्थांकडे कारकून होतो, जन्मापासून गिरगावातील एका उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, चाळीत राहतो, आणि खोली सोडल्याचे कागद आधी टाइपरायटरवर व पुढे संगणकावर मी कितीतरी वेळा उतरवले आहेत. तेव्हा या व्यवहाराची आतली बाजू वाचकांपुढे ठेवावी, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. माझी तक्रार पैसे देण्याघेण्याबद्दल नसून ते ज्या रीतीने ठरतात त्या रीतीबद्दल आहे, हे आधीच स्पष्ट करतो.

प्रथम कायद्याचे. खोली सोडताना भाडेकरूने पैसे घेणे हा आज गुन्हा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या ५६ व्या कलमाने भाडेहक्क सोडण्यासाठी किंवा दुसऱ्याला देण्यासाठी भाडेकरूने मोबदला घेणे, तसेच त्या हस्तांतराला संमती देण्यासाठी मालकाने पैसे घेणे, या दोन्ही गोष्टी कायदेशीर ठरवल्या. त्याआधी १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता आणि त्यात पागडी, म्हणजे खोली देताना भाड्याशिवाय वेगळी एकरकमी रक्कम, घेणे हा गुन्हा होता. गुन्हा होता, आणि तरीही मुंबईत पागडीशिवाय खोली मिळत नव्हती. माझ्या वडिलांनी १९५८ साली आमची खोली घेतली तेव्हा आईच्या पाटल्या मोडून पागडी दिली होती. त्या पैशांची पावती अर्थातच कोणी दिली नाही, पावती मिळाली ती महिन्याच्या भाड्याची. ‘फुकटात राहणारे भाडेकरू’ असे जेव्हा कोणी लिहितो तेव्हा या पाटल्या हिशेबात धरल्या जात नाहीत. पुढे खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना मालकाने साधारण तिसरा हिस्सा घ्यायचा आणि नव्या माणसाच्या नावाने पावती फाडून द्यायची, असा रिवाज पडला. म्हणजे जुना भाडेकरू हा आजच्या अर्थाने निव्वळ भाडेकरू कधीच नव्हता. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या माणसाशी त्याची तुलना करणे ही पहिली चूक आहे, आणि ती अनेक शिकलेली माणसे करतात.

मालकांची बाजूही मी जवळून पाहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या कायद्याने मुंबईतील प्रमाणभाडे, म्हणजे मालकाला घेता येणारे कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले होते. घरपट्टी वाढली, गवंड्याची मजुरी वाढली, पण भाडे तिथेच राहिले. ही गोठवणूक अवाजवी झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात म्हटले, आणि त्यानंतर आलेल्या १९९९ च्या अधिनियमाने मालकाला दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली. हिशेब करून पाहावा: पन्नास रुपये भाडे दरवर्षी चार टक्क्यांनी वाढत गेले, तर पंचवीस वर्षांनी ते १३३ रुपयांच्या आसपास पोहोचते. एवढ्या पैशांत संडासाचा तुंबलेला पाइपदेखील मोकळा होत नाही. आमच्या वकीलसाहेबांकडे येणाऱ्या मालकांत स्वतःच्या चाळीच्या दोन खोल्यांत राहणारी, औषधाला पैसे नसलेली वृद्ध माणसे होती. त्यांच्यापुढे दोन वाटा असत. एक न्यायालयाची, जिथे स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी, भाडेकरूने सहा महिने विनाकारण जागा वापरली नाही, किंवा त्याने परस्पर दुसऱ्याला ठेवले, असे सोळाव्या कलमातले एखादे कारण सिद्ध करावे लागे आणि अपिले धरून एक पिढी जाई. दुसरी वाट म्हणजे भाडेकरूला समोर बसवून ‘किती घेशील?’ असे विचारण्याची. मी मालक असतो तर मीही दुसरीच वाट धरली असती. त्यामुळे राजीखुशीने जागा सोडण्यासाठी पैसे देणे हा मला तत्त्वतः समंजस मार्ग वाटतो. दावे टळतात, वकिलांची फी वाचते (आमचे साहेब हे वाक्य वाचून हसले असते), आणि दोघांना आपापल्या मार्गाने जाता येते.

मात्र गेल्या वीसेक वर्षांत समोर बसणारा माणूस बदलला आहे. चाळ बहुधा एखाद्या विकासकाने घेतलेली असते किंवा मालकाने त्याच्याशी करार केलेला असतो, आणि भाडेकरूकडे मालक येत नाही, मध्यस्थ येतो. हा मध्यस्थ पुष्कळदा चाळीतलाच कोणीतरी असतो. गणपतीच्या वर्गणीला पुढे असणारा, कोणाच्या घरी मुलाच्या लग्नाला पैसे हवेत, कोणाच्या आईला डायलिसिस चालू आहे, कोणाचे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळे ठाऊक असलेला. तो सर्वांना एकत्र कधीच बोलावत नाही. एकेकाला जिन्यात गाठतो, आकडा कानात सांगतो, आणि ‘तुमच्यासाठी म्हणून जास्त सांगितलाय, कोणाला बोलू नका’ असे प्रत्येकालाच बजावतो. तळमजल्यावरचे दुकानदार आणि जिन्याजवळच्या खोल्या आधी, कारण त्या गेल्या की मधल्यांचे मन डळमळते. खोली रिकामी झाली की तिला नवे पितळी कुलूप लागते. आमच्या चाळीत अठ्ठेचाळीस खोल्यांपैकी चौदा खोल्यांना आज अशी कुलपे आहेत, आणि रात्री गॅलरीतून चालताना ती एकामागून एक चमकतात. बंद खोलीचे छत गळले तरी खालच्याला दाद मागायला माणूस उरत नाही, सार्वजनिक नळाच्या दुरुस्तीची वर्गणी कमी पडते, जिन्यातला दिवा गेला तर गेलाच. याला कोणी छळ म्हणणार नाही. पाणी किंवा वीज मालकाने तोडली तर २९ व्या कलमाखाली तक्रार करता येते, पण अर्धी रिकामी झालेली इमारत नुसती तशीच सोडून दिली, तर तक्रार कशाची करायची? भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून तीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा तिथली काही कुटुंबे आधीच दुसरीकडे हलली होती आणि काही मागे राहिली होती. तिथली कारणे वेगळी असतील, परंतु अर्धी भरलेली जुनी इमारत किती धोक्याची असते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

आता एक उदाहरण देतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहत. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षे झाली होती, आणि पावती अद्याप सासऱ्यांच्या नावानेच फाटत होती, जे चाळींमध्ये सर्रास असते. काकू रोज चौदा डबे करून देत. जवळच्या कार्यालयांत जाणारी ती गिऱ्हाइके होती. मध्यस्थाने त्यांना अठ्ठावीस लाखांचा आकडा सांगितला. काकूंचे गुडघे दुखत होते, संडास गॅलरीच्या टोकाला, लिफ्ट नाही. अठ्ठावीस लाख म्हणजे त्यांना आभाळाएवढी रक्कम वाटली. त्यांनी होकार दिला तेव्हा मध्यस्थ म्हणाला की पावतीवर सासऱ्यांचे नाव असल्याने दीर आणि दोन्ही नणंदांच्या सह्या लागतील, नाहीतर मालकाचा माणूस पैसे देणार नाही. कल्याणला तीस वर्षे स्वतःच्या घरात राहणाऱ्या दिरांनी आणि पाठोपाठ नणंदांनी सहीचा मोबदला मागितला, आणि सहा लाख तिकडे गेले. वस्तुतः अधिनियमाच्या सातव्या कलमात भाडेकरूची व्याख्या दिली आहे, आणि त्यानुसार राहत्या जागेचा भाडेकरू वारल्यावर त्याच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तसे कोणी नसेल तरच अन्य वारसांचा प्रश्न उद्भवतो. सासरे गेले तेव्हा त्यांच्याजवळ काकूंचे यजमान आणि काकूच राहत होत्या. एखाद्या जाणत्या वकिलाकडे अर्धा तास बसल्या असत्या तर हे कळले असते, पण ‘कोणाला बोलू नका’ असे सांगितल्यामुळे त्या माझ्याकडेही आल्या नाहीत. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो.

राहिलेल्या बावीस लाखांपैकी बारा धनादेशाने आणि दहा रोख मिळाले. बदलापूरच्याही पुढे वांगणीला एक खोली-स्वयंपाकघर बघितले, तेव्हा विकणाऱ्याला सगळे पैसे बँकेतून हवे होते आणि दहा लाख रोख कोठून आले, हे दाखवता येईना. हाही भाग लोकांना माहीत नसतो म्हणून लिहितो: एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे, आणि तो दंड पैसे देणाऱ्याला नव्हे तर घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. म्हणजे ज्याच्या सोयीसाठी रोख दिली जाते तो सुटतो आणि म्हातारी बाई अडकते. भाडेहक्क हा भांडवली मालमत्तेत मोडतो, तो सोडल्याचा पैसा भांडवली नफा धरला जातो, आणि नियमांत बसून तो राहत्या घरात गुंतवला तर करातून सूट मिळू शकते. परंतु हे सारे कागदावर असलेल्या पैशांबद्दल. काकूंनी अखेरीस रोख रक्कम कशी वापरली हे मी विचारले नाही. वांगणीला डब्यांची गिऱ्हाइके नाहीत. नायर रुग्णालयात त्यांचे उपचार चालू होते, ते आता गाडी बदलून बदलून महिन्यातून एकदा होतात. आठ महिन्यांनी त्यांच्या समोरची, तेवढ्याच मापाची खोली एकेचाळीस लाखांना गेली.

काकूंची फसवणूक झाली, असे मी म्हणणार नाही. ठरलेले पैसे त्यांना मिळाले, धमकी कोणी दिली नाही, सही त्यांनी स्वतः केली. रोखीचा भाग सोडला तर न्यायालयात या व्यवहाराला कोणी बोट लावू शकणार नाही. आणि म्हणूनच तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण दमदाटीच्या प्रकरणांवर पोलीस ठाणे आहे, वर्तमानपत्र आहे, पण इथे दाद मागण्याजोगे काही घडलेच नाही. घडले एवढेच की आपण काय सोडत आहोत हे एका पक्षाला पूर्ण माहीत होते आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच माहीत नव्हते.

काय सोडले, ते पाहू. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) खाली झाला, तर पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर, त्याची जुनी खोली त्याहून लहान असली तरी, मालकी हक्काने आणि विनामूल्य मिळते. गिरगावात चौरस फुटाचा दर समजा चाळीस हजार धरला, तर अशा घराची किंमत एक कोटी वीस लाख होते. अठ्ठावीस लाख आणि एक कोटी वीस लाख यांतील अंतर पाहून कोणी म्हणेल की काकू भोळ्या होत्या. परंतु काकूंनी हिशेब केला असता तरी कदाचित हेच केले असते, कारण एक कोटी वीस लाखांच्या त्या घराला तारीख नाही. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, ‘दोन-तीन वर्षांसाठी’ गेलेली आणि तिथेच नातवंडे पाहिलेली कुटुंबे या शहरात आहेत. विकासक मधेच काम सोडतो, पर्यायी जागेचे भाडे देणे बंद करतो, मग भाऊबंद, मग न्यायालय. सत्तरीच्या माणसाने मिळेल न मिळेल अशा घरापेक्षा आज हातात पडणारे पैसे घेतले, तर त्याला मूर्ख कोण म्हणेल? मालकाने देऊ केलेल्या आकड्यावरून खोलीचे मोल कळत नाही; भाडेकरूला वाट पाहण्याची किती धास्ती वाटते, एवढेच कळते. पुनर्विकास ठरल्या मुदतीत पुरा होतो, असा अनुभव लोकांना आला असता, तर हेच आकडे आपोआप वर गेले असते. म्हणून रखडलेले प्रकल्प ही केवळ रखडलेल्यांची अडचण नाही; शेजारच्या चाळीतल्या माणसाची किंमतही त्यांच्यामुळे पडते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या मते सर्वांत कमी बोलली जाते. सोडलेली खोली खरोखर सोडलेली असते का? कागदावर तिचा भाडेहक्क संपलेला असतोच असे नाही. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेला भाडेहक्क पुनर्विकासात विचारात घेतला जात नाही, त्यामुळे जुन्या पावतीला स्वतःचे मोल आहे, आणि विकासकाला बांधकामाचे जे जादा क्षेत्रफळ मिळते ते जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाशी जोडलेले आहे. म्हणून पुष्कळदा भाडेहक्क रद्द न करता ती पावती विश्वासातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर फिरवली जाते. या फिरवलेल्या पावतीचा दुहेरी उपयोग होतो. एक तर तिच्यावर नव्या इमारतीत घर मिळते. दुसरे म्हणजे पुनर्विकासाला आज ५१ टक्के पात्र रहिवाशांची संमती पुरते, पूर्वी ती ७० टक्के लागत असे. अठ्ठेचाळीस खोल्यांच्या चाळीत पंचवीस संमत्या हव्यात. त्यांतल्या चौदा कुलूपबंद खोल्यांच्या ‘भाडेकरूंनी’ संमती दिली, तर खरोखर राहणाऱ्या चौतीस कुटुंबांपैकी केवळ अकरा कुटुंबांना पटवावे लागते. बहुमताचा नियम रहिवाशांच्या भल्यासाठी केला होता; तो खोल्या विकत घेऊन गाठता येतो, ही त्याची मोठी उणीव आहे. अल्पसंख्य अडेलतट्टू रहिवाशांमुळे धोकादायक इमारती अडकून पडतात हेही मी पाहिले आहे, आणि ५१ टक्क्यांचा बदल त्यासाठीच होता, हे मला मान्य आहे. पण ज्याला त्या इमारतीत झोपायचे नाही, त्याची संमती संमती म्हणून मोजावी का?

खोली सोडल्याच्या कागदाबद्दल तर काय सांगावे. कोणी त्याला सरेंडर डीड म्हणतो, कोणी समझोता, कोणी नुसते प्रतिज्ञापत्र. इंग्रजीत असतो, सही करणारा बहुधा मराठी किंवा गुजराती वाचणारा. मी स्वतः उतरवलेल्या कागदांत ‘मी हे सर्व वाचून, समजून, स्वेच्छेने’ हे वाक्य असे, आणि सही करणाऱ्याने ते वाचलेले नाही हे मला दिसत असे. त्याचा दोष मी माझ्याकडेही घेतो. नवा भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, असे ५५ वे कलम बजावते आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. परंतु भाडेहक्क सोडण्याच्या कागदाला या अधिनियमात तशी सक्ती नाही. आयुष्यभराचा निवारा सोडण्याचा कागद स्टॅम्पपेपरवर घरीच होतो, आणि अकरा महिन्यांची खोली घ्यायची तर अंगठ्याचे ठसे घेऊन नोंदणी करावी लागते! त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे लघुवाद न्यायालयात दावा लावून संमतीचा हुकूमनामा घेणे. तिथे निदान न्यायाधीश समोर असतात, आणि दोन्ही पक्ष राजी असले तरी कायद्यातले जागा परत मागण्याचे काहीतरी कारण नोंदीत दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने नगीनदास रामदास यांच्या प्रकरणात पन्नास वर्षांपूर्वीच सांगितले आहे. पण न्यायालय म्हटले की लोक घाबरतात, आणि मध्यस्थ त्यांना आणखी घाबरवतो.

याबाबतीत आपल्याला सगळे नव्याने शोधायला हवे असे नाही. अमेरिकेत अशा व्यवहाराला ‘कॅश फॉर कीज’ म्हणतात. २००८ च्या गृहकर्ज संकटानंतर जप्त घरांतल्या लोकांनी राजीखुशीने किल्ल्या द्याव्यात म्हणून बँकांनीही तो वापरला. पण भाडेनियंत्रण असलेल्या तिथल्या मोठ्या शहरांनी त्याला नियमांत बसवले आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ पासून मालकाला बोलणी सुरू करण्याआधीच भाडेकरूला त्याचे हक्क सांगणारा ठरावीक नमुन्यातला कागद द्यावा लागतो, सल्ला देणाऱ्या संस्थांची माहितीही त्यात असते. करार भाडे मंडळाकडे दाखल होतो, आणि सही केल्यावर ४५ दिवसांच्या आत भाडेकरू मन बदलू शकतो. दाखल झालेले करार भाडेकरूचे नाव झाकून लोकांना पाहता येतात, त्यामुळे आपल्या शेजारी काय भाव मिळाला हे जिन्यात कानोसा न घेता कळते. लॉस एंजेलिसमध्ये मन बदलण्याची मुदत ३० दिवसांची आहे. न्यूयॉर्कमध्ये भाडेकरूने लेखी नकार दिला की मालकाला पुढचे १८० दिवस पुन्हा पैशांची गोष्ट काढता येत नाही. त्या शहरांची घरे आणि आपली चाळ यांत साम्य फारसे नाही, हे मला समजते. आपल्याकडे पागडी आहे, सामायिक संडास आहे, तीन पिढ्यांचे वारस आहेत. तरी पण पंचेचाळीस दिवस विचार करायला मिळणे, यात परदेशी असे काय आहे? काकूंना पंचेचाळीस दिवस मिळाले असते तर त्या निदान एक मजला उतरून माझ्याकडे आल्या असत्या.

म्हणून भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५६ व्या कलमाला एक जोडकलम हवे, असे मी आपल्या वर्तमानपत्राच्या माध्यमातून राज्य शासनास सुचवू इच्छितो. खोली सोडण्याचा प्रस्ताव लेखी आणि भाडेकरूच्या भाषेत असावा. पुनर्विकास झाल्यास त्याला किती क्षेत्रफळाचे घर मिळू शकते, हे त्यावर लिहिलेले असावे. करार म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडे दाखल व्हावा आणि भाडेकरूचे नाव वगळून त्यातली रक्कम कोणालाही पाहता यावी. पैसे संपूर्णपणे बँकेतून, ताबा देण्याच्या दिवशीच मिळावेत. माघार घेण्यासाठी निदान एक महिना असावा. आणि प्रस्ताव देण्याच्या सुमारास हस्तांतरित झालेल्या पावत्या संमतीच्या टक्केवारीत धरू नयेत, निदान तिथे प्रत्यक्ष राहणारे कुटुंब असल्याचा पुरावा असल्याशिवाय तरी नाही. नोंदणी आली की मुद्रांक शुल्क आले आणि मग लोक पुन्हा रोखीकडे वळतील, असा आक्षेप मालक घेतील, आणि तो खरा आहे. त्यासाठी निवासी खोल्यांच्या अशा करारांवर नाममात्र शुल्क ठेवावे. शासनाला आज या व्यवहारांतून नाही तरी फारसे मिळत नाहीच. प्रामाणिक मालकाचे यात काहीही बिघडणार नाही, उलट पुढे वारसांनी उभे केलेले दावे टळतील.

तोपर्यंत भाडेकरूंना मी एवढेच सांगेन की सही करण्यापूर्वी पावती कोणाच्या नावाने आहे आणि त्या माणसाच्या मृत्यूसमयी त्याच्याजवळ कोण राहत होते, हे आधी लिहून काढा. शिधापत्रिका, मतदार यादी, विजेचे बिल जपून ठेवा. आणि शेजाऱ्याला आकडा सांगा. घरातल्या बाईला विचारल्याशिवाय सही करू नका, कारण पावतीवर तिचे नाव क्वचितच असते आणि खोली सोडल्यावर सर्वांत जास्त तिचेच सुटते: शेजार, नळाची वेळ, दारात येणारा भाजीवाला, आणि तिचे स्वतःचे मिळवते काम.

पत्र लांबले, त्याबद्दल क्षमस्व. या विषयात मी तटस्थ नाही, हेही वाचकांना कळायला हवे. मला आतापर्यंत तीन वेळा विचारणा झाली आहे, शेवटची गेल्या महिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर. माझी पत्नी राजी आहे, तिला जिना चढवत नाही, आणि योग्य आकडा आला तर आम्ही कदाचित जाऊही. तिन्ही वेळा मी आकडा लिहून द्यायला सांगितले. कागद अजून आलेला नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त वकील-कारकून,
गिरगाव, मुंबई